फलाट काकांची छोटी फेरी

पुण्यात आमच्या ऑफिसात शुक्रवार आला की पोरांच्या अंगात येतं. कुठंतरी जाऊ या. मग ग्रुपवर डोंगर पडतात, धबधबे पडतात, कुणीतरी कोकण टाकतं, आणि रविवारी संध्याकाळी सगळे गाडीत बसून ट्रॅफिकचे फोटो पाठवतात. अशा वेळी मला कुणी विचारलं की तुझं काय मत, तर मी खुर्चीवरनं उठतो, हनुवटी वर करतो, एक डोळा बारीक करतो आणि नाकातनं आवाज काढतो: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कुठेतरी जाणारी गाडी कुठल्यातरी फलाटावर लागलेली आहे. ज्यांना कुठे जायचंय तेच माहीत नाही, त्यांनी आधी बसून घ्यावे."

पोरं हसतात. त्यांना वाटतं हे माझं डोकं. माझं कसलं, हे सगळं फलाट काकांचं.

फलाट काका आमच्या समोर राहायचे. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, लोहाऱ्याच्या बाजूचं. एका टोकाला स्टँड, दुसऱ्या टोकाला आमची गल्ली, आणि गल्ली संपली की लगेच रान. काका स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर. त्यांना चांगलं नाव होतं, पण ते फक्त लाईटबिलावर यायचं. गावाला ते फलाट काकाच. अंगानं खांबासारखे उंच आणि खांबासारखेच बारीक, आणि आवाज असा की सास्तूरची गाडी पुकारली तर सास्तूरात माणसं पिशवी उचलतील.

घरात पण तेच. चहा झाला की काकूंना हाक न्हाय मारायचे, पुकारायचे. "चहा ओट्यावर लागलेला आहे." मांजर दूध पिऊन गेलं तर, "दुधाची फेरी रद्द झालेली आहे." काकू आतनं म्हणायच्या, "प्रवासी सगळे मेले का काय, मला एकटीलाच ऐकवताय."

आणि पुकारायच्या आधी खोकला. माइक असो नसो, एक कोरडा खोकला, मधीच मोडलेला. तो ऐकला की स्टँडवर सगळी माणसं माना वर करायची. तंबाखू मळणारा हात थांबायचा.

मी शाळेत असताना गॅदरिंगला त्यांची नक्कल केली. खोकल्यापासनं सगळी. मंडप हसून लोळला. दुसऱ्या दिवशी काका दारात. आईनं मला आतनं ओढून आणलं आणि त्यांच्यापुढं उभं केलं. मी मनात म्हणलं, आज एक कान घरी राहतोय, एक काकांसोबत जातोय. काकांनी पुन्हा करायला लावलं. डोळे मिटून ऐकलं, जसं कुणी गाणं ऐकतंय. मग म्हणाले, "फलाट म्हणताना लई घाई करतोस. म्हातारं माणूस असतंय, हातात पिशवी असती. त्याला उठायला येळ दे." आणि जाता जाता फाटकात वळून म्हणाले की खोकला नुसता घशातनं काढू नको, खोकला म्हंजे दारावरची कडी वाजवायची असती, आधी कडी, मग आत.

एवढं शिकवायला माणूस घरी येतो का? पण ते आले. तवापासनं मी त्यांचा चेला, अन् त्यांची नक्कल हा आमच्यातला सरकारमान्य कार्यक्रम.

काकांनी काकूंना सगळ्या संसारात एकच वचन दिलेलं. रिटायर झालो की जेवढी गावं पुकारली तेवढी तुला दाखवतो. काकूंनी विश्वास ठेवला. पण काका रिटायर व्हायच्या आतच काकूंची नजर गेली. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसणं गेलं, मग मधलं पण गेलं. काकांच्या सेंडऑफला स्टँडवरच्या लोकांनी तेरखेड्याचे फटाके आणले होते. वर आकाशात फुटत होते आणि काकू आवाजाकडं तोंड करून बसलेल्या. काका सत्काराची शाल अंगावर घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्यापुरतंच पुकारत राहिले, आता हिरवा, आता तांबडा, आता ह्यो नुसताच आवाजाचा. हारतुरे घेऊन उभे असलेले साहेब ताटकळले.

तरी वचन म्हणून पहिली फेरी सोनारीची झाली. भैरवनाथाच्या यात्रेत. ही गोष्ट मी काकूंच्या तोंडून ऐकलीय आणि त्या दर वेळी हसत सांगतात. देवळापाशी एका वानरानं काकांच्या हातातली नारळाची पिशवी ओढली. काका पिशवी ओढायला गेले आणि दुसऱ्या हातातला काकूंचा हात सुटला. वानराला नारळ मिळाला, काकांना रिकामी पिशवी, आणि काकू गर्दीत. माणसं ढकलत होती, कुठल्या बाजूला देव अन् कुठल्या बाजूला रस्ता काही कळंना. काकू जागच्या हलल्या न्हाईत. आणि मग लांबनं तो खोकला आला. पाठोपाठ आवाज: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चॉकलेटी लुगड्यातल्या बाई जिथे उभ्या आहेत, त्यांनी तिथेच उभे राहावे. त्यांची गाडी येत आहे." लोकांनी खरंच वाट करून दिली.

काकू हसत सांगतात, पण शेवटाला आवाज जरा खाली येतो. हरवायचं भ्या न्हवतं, म्हणतात. पायाखाली कुणाचं गाव हाय तेच कळंना. घरी आल्यावर त्यांनी काकांना बजावलं की आता लांब न्हाय. पायाला माती ओळखू येती तितकंच यायचं.

कुणी दुसरा असता तर म्हणला असता, बरं, मग घरीच बसू. काकांनी दुसऱ्या दिवशी फाटकाला फळा टांगला. वर खडूनं लिहिलं, छोटी फेरी. सुटण्याची वेळ: चहा झाल्यावर. परतीची वेळ: दिव्याच्या आत. खाली जायचं ठिकाण. ठिकाणं कसली, तर ओढ्याचं वळण. चिंचेखालचा दगड. विटेची भट्टी. बंद पडलेलं जिनिंग. आमच्या गल्लीतली माणसं फळा वाचून हसायची, तिथं तर आमी रोज शेळ्या नेतो. काका म्हणायचे, "नेता शेळ्या. तुमी कधी जाता?"

त्यांचा कायदाच होता. जिथं जायला गाडी लागती ती सहल न्हाय, ती ड्युटी.

आणि ह्या एवढ्याशा फेरीसाठी तयारी केवढी. आदल्या दिवशी सायकल काढून स्वतः पाहणी करून यायचे. त्या वळणावरचं कुत्रं बांधलेलं असतंय का मोकळं. चिंचेची सावली दुपारकलती कुठं पडती. पाणंदीत चिखल हाय का वाळला. शेतकऱ्याला विचारायचे, ह्या आठवड्यात लाईट दिवसा हाय का रातची? शेतकरी म्हणायचा, काका, तुमची मोटार कधी झाली? मोटार न्हवती, पण ज्या दुपारी लाईट येणार, त्या दुपारी ते काकूंना बरोबर पाटाच्या कडेला बसवायचे. चपला काढून पाय कोरड्या पाटात. मग विहिरीकडनं मोटार धरल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच न्हाय, आणि मग पाटातनं सळसळ करत, पाला ढकलत पाणी यायचं आणि काकूंच्या पायाला लागायचं. काकू पोरीगत ओरडायच्या. हे बघायला मी दोनदा कॉलेज बुडवलंय.

मोबाईल न्यायची परवानगी न्हवती. फाटकातनं आत गेलं की ओट्यावर ज्वारीचा पत्र्याचा डबा, त्याच्यात टाकायचा. त्याला ते पार्सल खिडकी म्हणायचे. परत आलो की ज्वारी वाजत असायची, आईचे फोन.

फेरीत थांबे दोन जातीचे. अधिकृत थांबा काका ठरवणार. तिथं सतरंजी, चहाचा डबा, शेंगदाण्याचे लाडू. आणि विनंती थांबा. हा कुणालाही मागता यायचा, पण कारण सांगावं लागायचं. काय दिसलं, काय ऐकलं, कशाचा वास आला. उगीच पाय दुखले म्हणून थांबा मिळत न्हवता, पाय दुखत असतील तर दुखण्यातलं नवीन काय ते सांगा. सगळ्यात जास्त थांबे काकू मागायच्या. "थांबा. इथं कुणीतरी गवत कापलंय." आमी सगळे डोळस इकडं तिकडं बघायचो, आणि मग बांधाच्या पलीकडं खरंच ओल्या गवताचा भारा. चालताना काका पुकारत जायचे, उजव्या हाताला कापसाचं रान, वेचणी झालेली आहे, डाव्या हाताला बगळे, बैलाच्या पाठीवर एक अधिकृत, बाकी विनातिकीट. काकू मान हलवत चालायच्या. मी एकदा विचारलं, काकू, तुम्हाला खरंच दिसतं का हे? त्या म्हणाल्या, तुला दिसतंय त्यापरीस बरं दिसतंय.

माझे मामा मुंबईवरनं आले होते, त्यांची एक फेरी सांगायलाच पाहिजे. मामांना प्रत्येक गावात स्पॉट लागतो. आले तेच विचारत, इथं बघण्यासारखं काय आहे? आईनं काकांकडं बोट दाखवलं. काकांनी मामांचा मोबाईल ज्वारीत घातला आणि आमाला ओढ्याच्या पलीकडं माळावर नेलं. तिथं टिटवीनं उघड्यावर अंडी घातली होती. टिटवी उडून लांब जाऊन ओरडत होती. काकांनी आमाला पार मागं, बाभळीखाली बसवलं. मामा म्हणाले, काही दिसत नाही. काका म्हणाले, "तुमी दिसताय तिला, म्हणून ती येत न्हाय. जरा दिसायचं कमी करा."

मुंबईच्या माणसाला हे कुणी सांगितलं नसेल. मामा थोडा वेळ कमी दिसायचा प्रयत्न करत बसले, मग बाभळीला टेकले, मग घोरायला लागले. आणि मामा घोरायला लागले तशी टिटवी खाली उतरली. थांबत थांबत, मान वळवत, चालत आली आणि अंड्यांवर बसली. काकांनी तोंडावर हात धरून एवढासा खोकला काढला आणि काकूंच्या कानात पुकारलं, "टिटवी फलाटावर लागलेली आहे." मामा उठले तेव्हा आमी निघालो होतो. ते मुंबईत अजून सांगतात, तिकडं एक माणूस आहे, झोपायला माळावर घेऊन जातो.

मग मी नोकरीला पुण्यात आलो. आणि काकांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. मग लेकीनं सोलापूरला नेलं, ती तिथंच दिलेली. स्वरयंत्रापाशी गाठ होती. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव राहिला. आवाज गेला. म्हणजे बोललं तर हवा यायची, कुजबुजीएवढी. त्याच्या वरच्या आवाजाची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आई फोनवर सांगायची. परत आल्यापासनं काका कुजबुजत पण न्हाईत. काय पाहिजे असलं तर ओट्यावर थाप मारतात. फळा कोरा. काकूंना तिनं म्हणलं, हात धरून जा की दोघं ओढ्यापर्यंत, तर काकू म्हणाल्या, मला रान त्यांच्या तोंडानं दिसायचं, आता कुणाच्या तोंडानं बघू? आणि काका ते ऐकून आत निघून गेले. एकाची नजर न्हाय, एकाचा आवाज न्हाय, आणि दोघं दोन खोल्यांत. आई म्हणाली, अशी माणसं घरात बसली की मग बसतातच रे.

त्या वर्षी मी येळवशीला गावी आलो. येळवस म्हणजे आमच्याकडं दिवाळीच्या वरची. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव कुलूप लावून रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत दगडाचे पाच पांडव मांडून पूजायचे, आणि मग भज्जी, उंडे, खीर, मडक्यातली आंबील. ज्याला रान न्हाय त्याला दुसरे बोलावतात. काका-काकूंना रान न्हाय, ते दर वर्षी आमच्या रानात यायचे आणि ती वर्षाची मोठी फेरी. फळ्यावर हळदीकुंकू लावून सुटायची. ह्या वर्षी काकूंनी निरोप पाठवला, डबा तेवढा पाठवा.

आईनं कोपीतनं मला परत गावात पाठवलं. डबा न घेता. म्हणाली, माणसं घेऊन ये.

गल्लीत माणूस न्हवतं. कोंबड्या तेवढ्या. काका ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली. आतनं काकूंच्या सुपाचा आवाज येत होता, काहीतरी पाखडत होत्या. मी काकांना म्हणलं, चला, आई वाट बघतीय. त्यांनी हातानंच सांगितलं, तू जा. मी काकूंना हाक मारली तर त्या आतनंच म्हणाल्या, बाळा, आमचं आता व्हईना.

मला जगात एकच गोष्ट येते. मी फाटकात उभा राहिलो, हनुवटी वर केली आणि खोकलो. त्यांचाच खोकला, मधी मोडलेला. आणि त्यांच्याच आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. येळवशीची गाडी फाटकावर लागलेली आहे. गाडीला दोनच प्रवासी आहेत, त्यांना उठायला वेळ दिला जाईल."

काका असे वळले की मला वाटलं चूक झाली. आतलं सूप थांबलं. मग भिंतीला हात लावत काकू दारात आल्या. डोळे माझ्या डोक्यावरनं कुठंतरी.

"मी हाय काकू," मी म्हणलं.

"ते कळालं मला." त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "बोलणं सोळा आणे झालं. खोकला मातुर तू काढू नको. खोकला अजून हाय त्यांच्यात. त्यांचा त्यांना काढू दे."

काका समोरच्या भिंतीकडं बघत बसले. एक कोंबडी ओट्यावर चढली, उतरली. मग ते खोकले. घोगरा, फाटका, पण मधी मोडलेला.

काकू म्हणाल्या, "माझ्या चपला कुठं हायत?"

गल्ली संपली तिथनं आमची व्यवस्था लागली. काकांनी काकूंचा हात धरलेला, दुसऱ्या हातानं माझी कॉलर. ते माझ्या कानात कुजबुजायचे आणि मी त्यांच्या आवाजात पुकारायचो. कानात गुदगुल्या व्हायच्या, त्याचं कुणाला काय. "डाव्या हाताला तूर, शेंगा भरलेल्या." मी स्वतःचा मसाला घालून म्हणलं, तूर प्रवाशांच्या सेवेला हजर आहे, तर बरगडीत कोपर बसलं. काकू खुदकन हसल्या. त्यांना बघता न येता कळालं की मार बसला.

बोरीच्या झाडापाशी काकू थांबल्या. "विनंती थांबा."

नियमानं कारण विचारलं. हरभऱ्याचा आंबट वास, त्या म्हणाल्या. घाटे लागलेत का अजून फुलंच हायत? काका माझ्या कानाशी लागले, मी हनुवटी वर केली, "प्रवाशांनी इकडे..." तेवढ्यात काकूंनी हात वर केला.

"तू थांब जरा. गाडी उभी हाय न्हवं? वारं बी न्हाय. मग मधी तू कशाला?"

त्यांनी काकांच्या शर्टाची बाही चाचपली, धरली, ओढली, आणि आपला कान त्यांच्या तोंडापाशी नेला. काकांनी मान खाली वाकवली. मग कुजबुजले. काय ते मला ऐकू आलं न्हाय. काकूंनी मान हलवली, काहीतरी विचारलं, काका पुन्हा कुजबुजले, आणि काकू एकदम मोठ्यानं हसल्या. मला वाटतं माझ्याबद्दल असावं.

"पुढं जा तू," काकू मला म्हणाल्या. "आईला सांग, येतो आमी. थांबत थांबत येतो."

माझी नोकरी गल्लीच्या तोंडापासनं बोरीपर्यंत टिकली.

मी कोपीत येऊन बसलो. आई-बाबा आणि शेजारची माणसं पंगतीला बसली, माझ्या ताटात पण भज्जी पडली. आईचं लक्ष पाणंदीकडं. ती दोघं दिसत होती. जरा चालायची, थांबायची. डोकी जवळ यायची. पुन्हा जरा चालायची. विहिरीपाशी थांबली, ज्वारीच्या कडेला थांबली, एका ठिकाणी तर उघड्या बांधावर थांबली, तिथं मला अजून माहीत न्हाय काय होतं. चालत सुटलं तर चहा गार व्हायच्या आत माणूस येतो, त्यांना दुपार लागली.

आली तेव्हा आई हात धुवून उठली. "काकू, किती उशीर केला. आंबील संपत आली की."

"गाडी टायमावर सुटली हुती बाई," काकू म्हणाल्या. "थांबे लई हुते."

आईनं त्यांना कोपीच्या तोंडाशी बसवलं, हातात आंबीलीचा पेला दिला. काका अजून बाहेर उभे होते, एक हात कोपीच्या कडब्यावर ठेवून. आणि ते खोकले.

आमी सगळ्यांनी माना वर केल्या. बाबांचा घास हातात राहिला. शेजारचे आजोबा पाणी पिताना थांबले. सवय होती, खोकल्यानंतर काहीतरी यायचं. काकांनी काही पुकारलं न्हाय. कदाचित नुसताच खोकला आला असेल, बिचाऱ्यांच्या घशाला काय कमी झालंय. पण माना वर झाल्या होत्या त्या झाल्या होत्या. कुणी जेवेना. लांबच्या रानात कुणाची तरी पोरं ओरडत होती, मग ती पण थांबली. वारं सुटलं.

काकूंनी पेला तोंडापासनं खाली घेतला.

"ज्वारी वाजतीया," त्यांनी पुकारलं.